क्रीमनं बिघडलेली त्वचा सावरते का, हे तपासताना या चुका टाळा

क्रीम बनवणाऱ्यांसाठी मी लोकांच्या हातांवर चाचण्या करते. त्यांचा फोन बहुतेक वेळा असाच सुरू होतो. “मॅडम, आमच्या क्रीमनं चार दिवसांत त्वचा एकदम बरी झाली, तेवढा रिपोर्ट करून द्या ना.” मी विचारते, “आणि जिथे क्रीम लावलंच नव्हतं, त्या जागेचं काय झालं?” पलीकडे शांतता.

ही शांतता मी इतकी वर्षं ऐकत आले आहे की, सुरुवात तिच्यापासूनच करते.

न लावलेली जागा ठेवत नाहीत

त्वचा स्वतःच बरी होते. हाताच्या आतल्या बाजूला टेप लावून-ओढून वरचा थर खरवडला, तरी तरुण, निरोगी माणसाची त्वचा साधारण तीन दिवसांत आपली आपण सावरते. वयस्कर माणसाला जास्त वेळ लागतो, पण सावरते. त्यामुळे चौथ्या दिवशी हात छान दिसला यात क्रीमचं काय कर्तृत्व? काहीही चोपडलं असतं तरी दिसलाच असता. “बरं झालं का?” हा प्रश्न इथे उपयोगाचा नाही. न लावलेल्या जागेपेक्षा किती लवकर झालं, एवढंच विचारायचं.

मी प्रत्येक हातावर चार चौकोन आखते. एक अजिबात न छेडलेला, एक खरवडून तसाच सोडलेला, एकावर औषधी घटक काढून टाकलेला नुसता बेस आणि एकावर पूर्ण क्रीम. तिसरा चौकोन लोकांना नको असतो, कारण खर्च वाढतो. आणि पुष्कळदा खरं उत्तर तिथेच मिळतं. बेसमध्ये भरपूर ग्लिसरीन असेल तर ते एकटंच थर सावरायला मदत करतं, आणि श्रेय मात्र डब्यावर छापलेल्या महागड्या अर्काला जातं.

चौकोनांची जागा दर माणसागणिक बदला. मनगटाजवळची त्वचा कोपराजवळच्या त्वचेपेक्षा जास्त पाणी सोडते. क्रीम कायम कोपराकडच्या चौकोनात लावलं, तर ते फुकट जिंकतं.

आकडे काढतानाही हीच घाई नडते. समजा, त्वचेतून उडणाऱ्या पाण्याचं मूळचं वाचन ८ होतं, खरवडल्यावर २८ झालं आणि दुसऱ्या दिवशी १८ आलं. लोक लिहितात, “३६ टक्के सुधारणा.” बिघाड २० अंकांचा होता आणि त्यातले १० परत आले, म्हणजे थर ५० टक्के सावरला. भागायचं ते त्या माणसाच्या स्वतःच्या बिघाडाने. नाहीतर ज्याची त्वचा जास्त खरवडली गेली त्याचाच आकडा मोठा दिसतो.

झाकलं म्हणजे बरं झालं, असं समजतात

या चुकीवर माझा सगळ्यात जास्त राग आहे, कारण ती मी स्वतः केली आहे.

घाम नसतानाही त्वचेतून थोडं पाणी सतत उडत असतं. त्याला आम्ही टीईडब्ल्यूएल म्हणतो आणि ते ग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति तास या मापात मोजतो. वरचा थर फाटला की हा आकडा चढतो, सावरला की उतरतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्याकडे एक मलम आलं, पेट्रोलियम जेलीच्या बेसचं. बारा जणांचे हात खरवडले, मलम लावलं आणि तासाभरानं हे पाणी मोजणारा प्रोब टेकवला. २८ वरून थेट ६! मी तिथूनच पार्टीला फोन केला, “सर, तुमचं मलम तासात काम करतंय.” त्यांनी त्याच संध्याकाळी जाहिरातीचा मजकूर लिहायला घेतला.

आमच्या विभागाच्या प्रमुख बाईंनी कागद पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, “टिश्यूनं हलक्या हातानं टिप, आज रात्री काही लावायला देऊ नकोस, आणि उद्या सकाळी मोज.” सकाळी मलमाचा चौकोन २० आणि नुसता सोडलेलाही २०. मी पेट्रोलियम जेलीचं झाकण मोजलं होतं, त्वचा मोजलीच नव्हती. पार्टीला दुसरा फोन करताना माझा हात थरथरत होता, आणि त्यांनी जे ऐकवलं ते त्यांच्या जागी बरोबरच होतं.

१९८९ साली कॅलिफोर्नियातल्या एलियास आणि फाइनगोल्ड या संशोधकांच्या गटानं बिनकेसाच्या उंदरांवर केलेलं काम या धंद्यात येणाऱ्यानं पहिल्या आठवड्यातच समजून घ्यावं. थर बिघडवून लगेच त्यावर वाफ बाहेर जाऊच न देणारं आवरण घातलं, तर दुरुस्ती थांबते. बाहेर उडणारं पाणी हाच दुरुस्ती सुरू करण्याचा इशारा असतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो मिळाला की खालच्या पेशी चरबीच्या पिशव्या रित्या करतात आणि नवीन कोलेस्टेरॉल, सेरामाइड, फॅटी ॲसिड बनवायला घेतात. आवरण असेपर्यंत आकडा सुंदर दिसतो, आणि काढल्यावर जखम तशीच.

म्हणजे व्हॅसलीन वाईट असं मुळीच नाही. ते प्लास्टिकसारखं वर बसून राहत नाही, वरच्या थरात झिरपतं आणि खाली दुरुस्ती चालू राहते. उललेल्या टाचांवर मी अजूनही तेच सांगते. पण ते त्वचेवर असताना घेतलेलं वाचन दुरुस्तीचा पुरावा म्हणून चालणार नाही.

माझी सवय अशी आहे: शेवटचं लावणं आणि मोजणं यांत निदान बारा तास. पार्टी कितीही मागे लागली तरी कमी नाही. ज्यांना संध्याकाळपर्यंत आकडा हवा असतो, त्यांनी हे काम घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

बाकीच्या चुका

ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा वाढला म्हणजे थर सावरला, असं नाही. ग्लिसरीन लावल्यावर तो वाढतोच.

माणूस लोकलमधून उतरून जिना चढून आला की लगेच प्रोब टेकवू नका. २० ते २२ अंशांच्या खोलीत, बाह्या दुमडून, निदान वीस मिनिटं शांत बसवा. पंख्याचा झोत हातावर नको. मुंबईत जुलैमध्ये एसी बंद पडला, तर मी त्या दिवसाची वाचनं पूर्ण टाकून देते.

वीस टेप म्हणजे वीस टेप नव्हेत. एकाची त्वचा बारा टेपमध्ये उघडते, दुसऱ्याला तीस लागतात. ठरलेल्या वाचनापर्यंत पोचेस्तोवर ओढा, प्रत्येक टेप सारख्या वजनानं आणि सारखा वेळ दाबून. आणि स्टेशनरीच्या दुकानातला सेलोटेप वापरू नका.

एसएलएस (सोडियम लॉरिल सल्फेट) या फेस आणणाऱ्या डिटर्जंटचा चोवीस तास पॅच लावून त्वचा बिघडवली असेल, तर पॅच काढल्या काढल्या मोजू नका. आत कोंडलेलं पाणी आधी उडू द्या.

क्रीम “थोडंसं” लावू नका. चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम, काट्यावर तोलून.

डब्यावर “सेरामाइडयुक्त” लिहिलं म्हणून निकाल आधीच ठरवू नका. कोलेस्टेरॉल, सेरामाइड, फॅटी ॲसिड या तीन चरबींपैकी एक-दोनच दिल्या तर दुरुस्ती उलट मंदावते, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

लालसरपणा गेला, म्हणजे संपलं

क्लोबेटासॉलसारखं स्टेरॉइड लावलं की रक्तवाहिन्या आकसतात आणि लाली झपाट्यानं उतरते. त्याच वेळी त्वचेची थर सावरण्याची ताकद मात्र कमी होते. आपल्याकडे औषधाच्या दुकानातून असली मलमं चेहऱ्यावर क्रीम म्हणून वर्षानुवर्षं फासणारे लोक भेटतात. असा माणूस चाचणीत आला तर तुमचा सगळा हिशेब बिघडतो. आधी विचारा, “गेल्या महिन्यात अंगाला काय काय लावलं?” नाव सांगता येत नसेल तर ट्यूब घेऊन बोलवा.

शिवाय आपल्या सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसतच नाही. परदेशी पद्धतीत लिहिलेले, लाली डोळ्यांनी पाहून द्यायचे गुण इथे जसेच्या तसे लावले तर सगळे शून्य येतात. दिसतो तो नंतरचा काळा डाग. टेप किंवा पॅचच्या चौकोनाचा तो डाग काहींना महिनोन्‌महिने राहतो. संमतिपत्रात हे मराठीत, मोठ्या अक्षरात लिहा आणि तोंडानंही सांगा. गेल्या हिवाळ्यात लग्न ठरलेली एक मुलगी आली होती. डागाबद्दल ऐकल्यावर तिनं नको म्हटलं, आणि मी तिला येण्याजाण्याचे पैसे देऊन परत पाठवलं. बाकी सगळ्यांना मी चाचणी संपल्यावर महिन्यानं पुन्हा बोलावते आणि चौकोन पाहते. या भेटीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरते, कारण नंतर तो कुणीच देत नाही.