घरासाठी स्वस्त वायफाय राउटर कसा निवडावा

वायफाय रखडायला लागलं की पहिला दोष राउटरला दिला जातो आणि लगोलग नवा राउटर मागवला जातो. कधी त्याने फरक पडतो, बऱ्याचदा पडत नाही. बाहेरून घरात जेवढा वेग येतो त्यापेक्षा जास्त राउटर कुठून देणार? आडातच नाही तर पोहऱ्यात येत नसतं. म्हणून खरेदीची सुरुवात घरातच करा, आणि ती फुकट होते.

पायरी १ : दोष राउटरचाच आहे का, ते बघा

लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्टच्या एखाद्या साइटवर वेग मोजा. मग केबल काढा आणि राउटरपासून दोन-तीन पावलांवर बसून वायफायवर मोजा. तिसऱ्यांदा, जिथे खरा त्रास होतो त्या खोलीत जाऊन मोजा. मोजताना घरातले बाकीचे व्हिडिओ आणि डाउनलोड थांबवायला सांगा, नाहीतर त्या आकड्यांना काही अर्थ नाही.

केबलवरच वेग प्लॅनच्या मानाने फार कमी असेल तर आधी इंटरनेट कंपनीला फोन करा (९४-९५ वर अडकलेला असेल तर त्याआधी पायरी ३ वाचा). केबलवर चांगला आणि राउटरशेजारी वायफायवर कमी असेल तर राउटर जुना झालाय, किंवा लॅपटॉपमधलं वायफाय तरी. तीच चाचणी एखाद्या नव्या फोनवर केली की दोघांपैकी कोण ते कळतं. शेजारी उत्तम आणि आतल्या खोलीत रडारड असेल, तर तो जागेचा आणि भिंतींचा प्रश्न आहे. त्यावर पायरी ५ मध्ये बोलू.

एक नेहमीचा घोळ : प्लॅनचा वेग मेगाबिटमध्ये असतो, तर डाउनलोड होताना दिसणारा आकडा बहुतेकदा मेगाबाइटमध्ये. आठाने भागा. १०० एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला साधारण १२ मेगाबाइट दिसले तर कुणी फसवलेलं नाही.

पायरी २ : इंटरनेट कंपनीला विचारून घ्या

तुमचं कनेक्शन फायबरचं असेल तर फायबरची तार ज्या डब्यात शिरते तो ओएनटी. तो शक्यतो कंपनीचाच राहतो, आणि तुमचा राउटर त्याच्या पुढे केबलने जोडायचा असतो. टेलिफोनच्या तारेवरून येणारं डीएसएल असेल तर मोडेम, म्हणजे त्या तारेवरून इंटरनेट काढून देणारा डबा, लागतो. तो राउटरमध्येच असलेलं मॉडेल घ्यायचं की वेगळा ठेवायचा, हे आधीच ठरवा. साधा वायफाय राउटर टेलिफोनच्या तारेला जोडून चालत नाही.

कंपनीला विचारायचं ते एवढंच : स्वतःचा राउटर चालेल का, पीपीपीओईचं (कनेक्शनला लॉग-इन करण्याचं) युजरनेम-पासवर्ड काय, व्हीलॅन क्रमांक (राउटरच्या सेटिंगमध्ये भरायचा एक आकडा) टाकावा लागतो का, आणि राउटरचा मॅक ॲड्रेस (त्याचा ओळख क्रमांक) त्यांच्याकडे नोंदवावा लागतो का. उत्तरं लिहून ठेवा. राउटर घरी आल्यावर हीच माहिती नसल्यामुळे लोक तासन्‌तास अडकतात.

ओएनटीमध्येच वायफाय असेल तर त्याला ब्रिज मोडवर टाकता येतं का, म्हणजे त्याचं राउटरचं काम बंद करता येतं का, तेही विचारा. नाहीतर एकामागे एक दोन राउटर चालतात. साध्या वापराला ते चालून जातं. ऑनलाइन गेम किंवा घरातला कॅमेरा बाहेरून बघायचा असेल तर मात्र डोकेदुखी होते.

पायरी ३ : राउटरची मागची बाजू बघा

स्वस्त राउटर बनवताना कुठेतरी हात आखडावाच लागतो, आणि तो हमखास आखडला जातो मागच्या पोर्टवर, म्हणजे केबल लावायच्या खाचांवर. पुढे खोक्यावर मोठ्या अक्षरात १२०० छापलेलं असतं. पण मागे इंटरनेटची केबल जिथे लागते ते वॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असू शकतं. मग प्लॅन २०० चा घ्या की ३०० चा, स्पीड टेस्ट ९४-९५ च्या आसपास अडकून बसते. वायफाय कितीही वेगवान असलं तरी पाणी त्याच तोटीतून यायचं.

हे ओळखायचं कसं? तपशिलाच्या यादीत पोर्टपुढे ‘१०/१००’ एवढंच असेल किंवा ‘फास्ट इथरनेट’ लिहिलं असेल, तर ते १०० चं पोर्ट. ‘१०/१००/१०००’ किंवा ‘गिगाबिट’ असेल तर निर्धास्त. ‘फास्ट’ या शब्दाला भुलू नका, ते १९९० च्या दशकातलं नाव आहे. वॅन आणि लॅन (घरातली उपकरणं केबलने जोडायचं) दोन्ही पोर्टांचा वेग वेगवेगळा वाचा, आणि जाहिरातीत पोर्टचा वेगच दिलेला नसेल तर ते १०० चं आहे असं समजून चाला.

तुमचा प्लॅन १०० एमबीपीएसच्या आत असेल आणि वाढवायचा विचार नसेल, तर १०० च्या पोर्टने काही बिघडत नाही. उगाच जास्त पैसे घालू नका.

केबलचीही तीच गत. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात. त्यामुळे उरलेल्या चारांपैकी एखादी तार तुटली किंवा कनेक्टर नीट बसला नाही तरी इंटरनेट चालू राहतं, पण गुपचूप १०० वर उतरतं. नव्या गिगाबिट राउटरवरही वेग ९४ वर अडला, तर राउटर परत करण्याआधी केबल बदलून बघा. कॅट ५ई केबल घराला पुरेशी आहे.

पायरी ४ : खोक्यावरच्या आकड्याची फोड करा

‘एसी १२००’ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर (राउटरच्या लहरींच्या पट्ट्यावर) ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७ एमबीपीएस. बेरीज ११६७, ती वर ओढून १२००. तुमचा फोन सहसा एका वेळी एकाच बँडवर असतो, म्हणजे ही बेरीज त्याला कधीच मिळत नाही. त्यातही हे कागदावरचे आकडे. राउटरशेजारी बसूनही त्यातला निम्मा किंवा थोडा जास्त वेग हाती लागतो. ‘एएक्स १५००’ म्हणजे तसंच ३०० आणि १२०१. ‘एएक्स ३०००’ मधले २४०२ गाठायला १६० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल (बँडमधला एक कप्पा) लागतं, जे अनेक फोनना जमतच नाही. त्यांच्यासाठी हा महाग राउटर १२०१ चाच.

‘एन ३००’, म्हणजे फक्त २.४ वर चालणारा राउटर, आता घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी. दाट वस्तीत त्या बँडवर फार गर्दी असते. एकमेकांत न मिसळणारी चॅनेलं तिथे तीनच, १, ६ आणि ११, आणि आजूबाजूच्या सगळ्या घरांचे राउटर त्यातच कोंबलेले. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण त्याच कंप्रतेवर चालतो.

२००९ च्या सुमाराचं वायफाय ४ (खोक्यावरचं ‘एन’), २०१३ च्या सुमाराचं ५ (‘एसी’) आणि २०१९ पासून प्रमाणित होऊ लागलेलं ६ (‘एएक्स’), यांत आज कमी खर्चात घेण्यासारखं वायफाय ६. एकाच वेळी बरीच उपकरणं चालू असली की ते ५ पेक्षा बरं सांभाळतं, आणि तुमचे जुने फोनही त्यावर चालतात. पण निवड ‘वायफाय ६ पण पोर्ट १०० चं’ आणि ‘वायफाय ५ पण पोर्ट गिगाबिट’ अशी असेल, आणि प्लॅन १०० च्या वरचा असेल, तर मी डोळे झाकून दुसरा घेईन. वायफाय ७ साठी आत्ता पैसे मोजायची बहुतेक घरांना गरज नाही.

पायरी ५ : अँटेने मोजू नका, भिंती मोजा

चाराऐवजी सहा अँटेने असले म्हणजे रेंज दीडपट झाली, असं नसतं. राउटरने किती ताकदीने सिग्नल सोडायचा याला कायद्याची मर्यादा असते, शिवाय फोनचा अशक्त सिग्नलही परत राउटरपर्यंत पोचावा लागतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण भिंतींत लवकर दमतो, २.४ लांब जातो, पण हळू. म्हणून दोन्ही बँड असलेला राउटर घ्यायचा.

जागा बदलणं फुकट आहे, ते आधी करा. राउटर घराच्या मध्याजवळ, उंचावर आणि उघड्यावर ठेवा. लोखंडी कपाट, टीव्हीची पाठ, मोठा आरसा, फिशटँक, या सगळ्यांपासून लांब. तरीही एखादी खोली कोरडीच राहिली तर महाग राउटरपेक्षा तिथे दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे नुसतं वायफाय देणारा डबा, केबलने जोडणं केव्हाही चांगलं. केबल शक्य नसेल तर मेश, म्हणजे आपसांत बिनतारी जोडलेले दोन-तीन डबे. स्वस्त सिंगल बँड रिपीटर मात्र ऐकायचं आणि पुढे पाठवायचं काम एकाच बँडवर करतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो.

पायरी ६ : अपडेट मिळतात का, ते तपासा

हे कुणी बघत नाही. बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलच्या फर्मवेअरची (राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरची) शेवटची तारीख बघा. बरीच वर्षं काही आलेलं नसेल तर तो राउटर सोडून द्या. एकाच नावाच्या मॉडेलच्या आतल्या पार्टांच्या वेगवेगळ्या आवृत्त्या असतात. राउटरच्या खाली चिकटवलेल्या लेबलवर व्ही१, व्ही२ असं लिहिलेलं असतं, त्याच आवृत्तीचं पान उघडा. सेकंडहँड घेताना तर हे बघाच, आणि तो एखाद्या इंटरनेट कंपनीपुरता लॉक केलेला नाही ना, तेही.

डब्ल्यूपीए३ सुरक्षा (वायफायला कुलूप लावण्याची नवी पद्धत) असावी. जुन्या उपकरणांसाठी डब्ल्यूपीए२ चालेल. डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद करता आलं पाहिजे, कारण त्याच्या पिनमधली कमजोरी २०११ मध्येच उघड झाली आहे.

यूएसबी पोर्ट, ‘गेमिंग’ नाव, रंगीत दिवे : सोडा.

पायरी ७ : लावल्यावर लगेच करायचं

ॲडमिनचा मूळ पासवर्ड बदला, फर्मवेअर अपडेट करा, आपोआप अपडेटची सोय असेल तर चालू ठेवा. परत करण्याची मुदत संपायच्या आत सगळ्या खोल्यांत वेग मोजून घ्या.

जुना राउटर लगेच भंगारात काढू नका. तो रिसेट करून त्याचं डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटायचं काम) बंद करा, त्याचा आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा पत्ता) नव्याच्याच मालिकेतला पण वेगळा द्या, मग नव्याच्या लॅन पोर्टमधून निघालेली केबल जुन्याच्या वॅनमध्ये नव्हे, तर लॅन पोर्टमध्ये लावा. लांबच्या खोलीला वेगळे पैसे न घालता ॲक्सेस पॉइंट मिळतो. त्याला अपडेट येणं बंद झालं असेल, तर मात्र हा उद्योग करू नका.