केस दिसले म्हणून लगेच हेअरी सेल ल्युकेमिया म्हणू नका

प्लीहा वाढलेली, तिन्ही प्रकारच्या रक्तपेशी कमी आणि मोनोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) जवळजवळ नाहीतच, असा रिपोर्ट आला की हेअरी सेल ल्युकेमियाची, म्हणजे केसाळ दिसणाऱ्या बी पेशींच्या (लिम्फोसाइटचा एक प्रकार) रक्तकर्करोगाची, शंका घ्यावी. पण मशीनने छापलेल्या मोनोसाइटच्या आकड्यावर विसंबू नका. मशीन कित्येकदा हेअरी पेशीच मोनोसाइट म्हणून मोजते. डिफरन्शियल (पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी) स्वतः स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) पाहून करा.

हेअरी पेशी साध्या लिम्फोसाइटच्या (ही पांढरी पेशीच) दीड-दोनपट मोठी असते. केंद्रक लंबगोल किंवा घेवड्याच्या दाण्यासारखे, न्यूक्लिओलस (केंद्रकातला गडद ठिपका) दिसत नाही आणि फिकट सायटोप्लाझमला (केंद्रकाभोवतीचा पेशीचा भाग) चहूबाजूंनी केस. केसांचा तुरा एका टोकालाच असेल तर स्प्लेनिक मार्जिनल झोन लिम्फोमा (प्लीहेतला बी पेशींचा दुसरा कर्करोग) आठवा. स्मिअर सावकाश वाळला तर साध्या लिम्फोसाइटलाही केस फुटतात, म्हणून तो ताज्या रक्ताचा करून झटकन वाळवा.

मॅरोत (अस्थिमज्जेत) रेटिक्युलिन (आधार देणारे बारीक तंतू) वाढलेले असल्याने सुईत बहुधा काहीच येत नाही. तिथे थांबू नका. किमान दीड सेंटिमीटरची ट्रेफाइन बायोप्सी (मॅरोसकट हाडाचा तुकडा) घ्या. खरी फसगत इथेच होते. मॅरो रिकामा दिसला की अप्लास्टिक अ‍ॅनिमियाचा (मॅरो रक्तपेशी बनवेनासा होण्याचा आजार) शिक्का बसतो. सीडी२० (बी पेशींवरचे ओळखचिन्ह, म्हणजे मार्कर) स्टेन केल्यावर लपलेल्या बी पेशी उठून दिसतात. शिवाय अप्लास्टिक अ‍ॅनिमियात प्लीहा सहसा वाढत नाही, हे पोट तपासतानाच कळते.

फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरचे मार्कर यंत्राने मोजण्याची तपासणी) मोनोसाइटच्या जागेतही शोधा, या पेशी तिथे पडतात. सीडी२०, सीडी२२, सीडी११सी ठळक. सोबत सीडी२५, सीडी१०३, सीडी१२३ पॉझिटिव्ह, ही ओळख. एकट्या मार्करवर निकाल देऊ नये: मार्जिनल झोनमध्ये सीडी११सी, कधी सीडी२५ही मिळतो, सीडी१०३ मात्र सहसा नसतो. ‘व्हेरियंट’ नावाच्या, हेअरी सेलसारख्याच दिसणाऱ्या पण वेगळ्या आजारात सीडी१०३ असतो, पण सीडी२५ नाही, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, न्यूक्लिओलस ठसठशीत, मोनोसाइट शाबूत.

अ‍ॅनेक्सिन ए१ हे प्रथिन हेअरी सेल, मार्जिनल झोन आणि व्हेरियंट या तिघांत फक्त हेअरी सेलमध्ये मिळते. मात्र ते मायलॉइड आणि टी पेशींनाही रंगवते, म्हणून सीडी२० शेजारी ठेवूनच वाचा.

बीआरएएफ व्ही६००ई हा जनुकातला बदल हेअरी सेलमध्ये २०११ मध्ये सापडला. तो जवळजवळ सर्व क्लासिक रुग्णांत असतो, व्हेरियंटमध्ये नसतो. पेशी थोड्या असतील तर सँगर सिक्वेन्सिंगमध्ये (डीएनए वाचण्याची नेहमीची पद्धत) तो निसटतो. नेमका तोच बदल शोधणारी अ‍ॅलील-स्पेसिफिक पीसीआर मागवा. बायोप्सीचे हाड तीव्र आम्लात डिकॅल्सिफाय केले (कॅल्शियम काढून मऊ केले) तर डीएनए खराब होतो. त्याऐवजी ईडीटीए हे सौम्य रसायन वापरा.

व्हेरियंट वेगळा काढण्याचा आटापिटा औषधासाठी आहे: एकट्या क्लॅड्रिबिन या केमोथेरपीच्या औषधाला तो नीट दाद देत नाही, रिटक्सिमॅब (सीडी२०वर मारा करणारे औषध) जोडावे लागते.