नागपुरात पार्किन्सन्सचा आधारगट सुरू करताना

पार्किन्सन्सच्या (कंपवाताच्या) रुग्णांच्या आधारगटासाठी मोठे सभागृह लागत नाही. धंतोलीत किंवा बजाजनगरात तळमजल्यावरची एक खोली, हात असलेल्या खुर्च्या आणि पाच-सहा कुटुंबे पुरेशी आहेत. बैठकीची वेळ मात्र सदस्यांच्या गोळ्यांच्या वेळा विचारून ठरवावी, कारण लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरील मुख्य औषधाचा असर ओसरला की पावले जमिनीला खिळतात आणि दारापर्यंत आलेला माणूस उंबरठ्यावरच थांबतो. अशा वेळी त्याला ओढू नये. जमिनीवर आडवी रंगीत पट्टी चिकटवून ती ओलांडायला सांगितले, तर पाऊल पुष्कळदा सुटते. मे महिन्यात सकाळीच जमावे.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात पार्किन्सन्सचा समावेश आहे, ही गोष्ट अनेक घरांपर्यंत पोहोचलेलीच नाही. म्हणून एखाद्या तरुण सदस्याने स्वावलंबन या सरकारी पोर्टलवरील दिव्यांगत्व प्रमाणपत्राचा अर्ज भरून देण्याची जबाबदारी घ्यावी. बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ या आधारगटाचा अनुभवही जरूर विचारावा.

शेवटचा अर्धा तास काळजी घेणाऱ्यांसाठी स्वतंत्र ठेवावा, असा माझा आग्रह आहे. रात्रीतून चार-पाचदा उठून कूस बदलून देणाऱ्या पत्नीला आपला थकवा पतीसमोर सांगता येत नाही.