कोचिंगची एक जाहिरात वर्गात कशी सोलावी

'जाहिराती आणि आपण' असा निबंध लिहायला दिला की तीसही वह्यांत एकच मजकूर येतो: जाहिराती फसव्या असतात, सावध राहावे. त्यापेक्षा माध्यम-अभ्यासाच्या तासाला एकच जाहिरात घ्या आणि ती नीट सोला. इंदूरला त्यासाठी फार हिंडावं लागत नाही. भंवरकुआं चौकात जा, मान वर करा. कोचिंगच्या फलकांवर टॉपर हसत उभेच असतात.

१. फलकाचा फोटो काढून वर्गात लावा. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायला सांगा. डावीकडे फक्त जे छापलंय ते: मुलीचा फोटो, खाली रँक, त्याहून मोठ्या अक्षरांत संस्थेचं नाव. उजवीकडे ते बघून मनात आलेलं वाक्य. बहुतेकांचं एकच येतं, 'ही इथे शिकली म्हणून निवडली गेली.' आता विचारा, हे वाक्य फलकावर कुठे आहे? कुठेच नाही. फोटो आणि नाव शेजारी ठेवले, 'म्हणून' आपण घातलं. घाई करू नका, सगळा तास इथेच गेला तरी चालेल.

२. मग गाळलेलं शोधा. तिने कोणता कोर्स केला होता? वर्षभराचा, की शेवटी नुसत्या मुलाखतीची तयारी? फी भरली होती का? त्या वर्षी एकूण किती मुलं बसली होती? हा शेवटचा आकडा फलकावर सहसा नसतोच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी नियम काढले. फोटोसोबत रँक, कोर्सचं नाव, त्याचा कालावधी आणि तो सशुल्क होता का, हे द्यावं लागतं. विद्यार्थ्याची लेखी संमती निवड झाल्यानंतरच घ्यायची. खुलाशाची अक्षरं दाव्याइतकीच मोठी हवीत. पट्टी लावून अक्षरं मोजायला मुलांना मजा येते.

३. जाहिरात कुणाशी बोलतेय ते ओळखा. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर ती आई-बाबांशी बोलते: हॉस्टेल, हप्त्यांत फी, दर आठवड्याला टेस्ट. त्याच क्लासचं रील मुलांशी बोलतं, आणि तिथे फीचा विषयही निघत नाही.

४. छोट्या शब्दांची शिकार गृहपाठाला द्या. कापड बाजारातल्या सेलच्या पाटीवर '५०%' हातभर आणि 'तक' बोटभर. शेवेच्या पाकिटावर 'असली', म्हणजे शेजारच्याची नकली का, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

५. शेवटी तीच जाहिरात मुलांकडून पुन्हा लिहून घ्या, सगळी माहिती घालून, पण क्लास खपला पाहिजे या बेताने. हे भलतंच अवघड जातं, आणि मन वळवायचं कसब काय असतं ते इथेच कळतं. नुसत्या शिव्या घालणाऱ्या वहीला मी गुण देत नाही.

खरोखरच दिशाभूल करणारा फलक सापडला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तक्रारीचा मसुदा वर्गातच करा, पण त्यात डावीकडच्या रकान्यातलंच लिहायचं.