व्हायरल न्यूमोनिया: छातीच्या एक्स-रेवरून तीव्रता कशी मोजावी

स्कोअर मांडण्याआधी फिल्म त्या लायकीची आहे का, ते बघा. उजव्या डायफ्रामच्या (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) वर मागच्या 9-10 फासळ्या मोजता यायला हव्यात. धाप लागलेला पेशंट पूर्ण श्वास घेत नाही. मग सातच फासळ्या दिसतात, खालचा भाग दबून पांढरा होतो आणि धड फुप्फुसालाही गुण चिकटतात. दोन्ही क्लॅव्हिकलची (गळ्याजवळच्या आडव्या हाडांची) आतली टोकं स्पायनस प्रोसेसपासून (मणक्याच्या मागच्या टोकापासून) सारख्या अंतरावर नसतील, तर पेशंट वळलेला आहे. एक बाजू उगाच जास्त पांढरी दिसेल. पीए (किरण पाठीकडून छातीकडे) फिल्म 180 सेंमीवरून घेतात, खाटेवरची एपी (छातीकडून पाठीकडे) बहुधा 100 सेंमीवरून, म्हणून एपीत हृदय मोठं दिसतं. फिल्मवर एपी की पीए, बसून की झोपून, हे लिहून घ्याच.

मोजायला ब्रिक्सिया स्कोअर सोपा. 2020 मध्ये इटलीतल्या ब्रेशा शहरात तो कोविडसाठी तयार झाला. फिल्मवर दोन आडव्या रेघा कल्पा: एक एऑर्टिक आर्चच्या (हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीची कमान) खालच्या कडेला, दुसरी हायलमच्या (जिथे रक्तवाहिन्या आणि श्वासनळ्या फुप्फुसात शिरतात) खालच्या कडेशी. प्रत्येक फुप्फुसाचे तीन, असे सहा झोन झाले. झोन स्वच्छ असेल तर 0. नुसत्या जाळीदार रेषा किंवा काचेवर वाफ बसावी तसा धूसरपणा असेल तर 1. त्यात पॅचही (ठोस पांढरे डाग) आहेत पण जाळीच जास्त, तर 2. पॅच वरचढ ठरले की 3. सहा झोनचे मिळून जास्तीत जास्त 18.

उदाहरणार्थ, तापाचा सातवा दिवस. उजवीकडे वरून खाली 0, 1, 3 आणि डावीकडे 0, 1, 2. नोंद करा: 7 [013 012]. नुसतं ‘7’ लिहिलं तर तीन दिवसांनी कुठला झोन बिघडला हे कुणालाच कळणार नाही. तुलना शक्यतो पीएची पीएशीच करा. फुप्फुसाच्या एकाच लोबमध्ये (खंडात) ठोस पॅच आणि बाकी सगळं स्वच्छ असेल, तर आधी बॅक्टेरियाचा विचार करा.

जुन्या टीबीचे वरच्या झोनमधले व्रण मोजू नका. जुनी फिल्म मागवा. मोठं हृदय, कर्ली बी रेषा (फुप्फुसाच्या खालच्या कडेजवळच्या बारीक आडव्या रेषा) आणि दोन्ही फुप्फुसांभोवती पाणी दिसलं तर हार्ट फेल्युअर आठवा. आपल्याकडे पावसाळ्यात शेतात राबणाऱ्या माणसाला कावीळ, पोटऱ्या दुखणं, लघवी कमी आणि थुंकीत रक्त असेल, तर दोन्हीकडचे पॅच लेप्टोमुळे (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) झालेल्या रक्तस्रावाचे असू शकतात. स्कोअर तिथेही निघतो, पण निदान चुकतं.

फिल्म आजाराच्या मागून चालते. पहिले दोन-तीन दिवस ती स्वच्छ असू शकते, कोविडमध्ये सावल्या 10-12 व्या दिवसाच्या सुमाराला सर्वाधिक दिसतात आणि माणूस बरा झाल्यावरही काही आठवडे रेंगाळतात. त्यामुळे साध्या हवेत ऑक्सिजन 90 टक्क्यांखाली किंवा श्वास मिनिटाला 30 च्या वर असेल, तर स्कोअर 3 असो वा 13, ऑक्सिजन लावा आणि 108 ची अँब्युलन्स बोलवा. गोव्यात काणकोण किंवा वाळपईहून गोमेकॉपर्यंतचा (गोवा मेडिकल कॉलेज) वेळ धरूनच निर्णय घ्यायचा. दुसऱ्या फिल्मसाठी थांबायचं नाही.

मत विचारायला व्ह्यू-बॉक्सवरच्या फिल्मचा मोबाइल फोटो पाठवतात, त्यात बारीक जाळी पुसली जाते आणि 1 चा 0 होतो. मूळ डिजिटल फाइल पाठवा.