हॉस्पिस पेशंटचा स्पेशालिस्ट क्लेम: जीव्ही की जीडब्ल्यू?

पुण्या-मुंबईत यूएस बिलिंगला बसणाऱ्यांसाठी. जीव्ही (GV) आणि जीडब्ल्यू (GW) म्हणजे क्लेमवर लावायचे दोन अक्षरी कोड, मॉडिफायर. मेडिकेअरचा (अमेरिकेचा सरकारी आरोग्यविमा) पेशंट हॉस्पिसवर (बरा न होणाऱ्या आजारात शेवटच्या काळातली काळजी) असेल आणि त्याला बाहेरच्या स्पेशालिस्टने बघितलं असेल तर क्लेम पाठवायच्या आधी एवढंच बघा की ज्या आजारासाठी हॉस्पिस घेतलंय त्याच्याशी ही व्हिजिट रिलेटेड आहे का. समजा लंग कॅन्सरवाला पेशंट पडला, मनगट मोडलं आणि ऑर्थोवाल्याने बघितलं, पडण्याचा कॅन्सरशी संबंध नाही, तर पार्ट बी ला (मेडिकेअरचा डॉक्टरांच्या बिलांचा भाग) जीडब्ल्यू लावून पाठवा. पण रिलेटेड असेल, म्हणजे ऑन्कॉलॉजिस्टने कॅन्सरसाठीच बघितलं, तर मेडिकेअरला पाठवूच नका, तो हॉस्पिसचा खर्च, त्यांच्याशी आधी कॉन्ट्रॅक्ट पाहिजे आणि पैसे त्यांच्याकडूनच घ्यायचे. याला अपवाद जीव्हीचा, पण तो फक्त पेशंटने स्वतः निवडलेल्या अटेंडिंगसाठी (हॉस्पिसच्या काळातला मुख्य डॉक्टर), तेही तो हॉस्पिसच्या पगारावर किंवा कॉन्ट्रॅक्टवर नसेल तरच. बरेच जण कुठल्याही कन्सल्टला जीव्ही ठोकतात, ते चूकच.

आणि डिनायल आलं (क्लेम नाकारला) म्हणून नुसता जीडब्ल्यू चिकटवून परत पाठवायचा उद्योग तर अजिबात नको, ऑडिटमध्ये नोट्स मागितल्या तर काय दाखवणार? डायग्नोसिस कोड आणि डॉक्टरची नोट दोन्हीतून अनरिलेटेड दिसायला हवं. शंका असेल तर हॉस्पिसकडे नॉन-कव्हर्ड गोष्टींची लेखी यादी मागा, ऑक्टोबर 2020 पासून मागितली की द्यावीच लागते.

अजून एक, पेशंट मेडिकेअर अॅडव्हांटेजवर (खाजगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर) असला तरी हॉस्पिस घेतल्यावर असे अनरिलेटेड क्लेम सहसा ओरिजिनल (थेट सरकारी) मेडिकेअरलाच जातात, त्यामुळे एलिजिबिलिटीत इलेक्शनची (हॉस्पिस निवडल्याची) तारीख बघाच.