ओव्हरहॉलनंतरचं पहिलं उड्डाण: या चुका टाळा

ओव्हरहॉल होऊन, म्हणजे पूर्ण उघडून, झिजलेले भाग बदलून परत जुळवून आलेलं विमानाचं इंजिन म्हणजे नवं कोरं इंजिन, आता दोन हजार तास बघायला नको, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. मला ती उलटी वाटते. ओव्हरहॉलच्या आदल्या दिवशी ते इंजिन तुमच्या ओळखीचं होतं. कुठला सिलिंडर जरा गरम राहतो, दहा तासांत किती ऑइल खातं, सकाळी सुरू होताना कसं कुरकुरतं, सगळं ठाऊक होतं. आता त्याच जागी एक अनोळखी इंजिन बसलंय, आणि ते बसवताना इंधनाचे, ऑइलचे पाइप, वायरी, केबली, सगळं सुटून पुन्हा जोडलं गेलंय.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये कॉनरॅड वॉडिंग्टन या शास्त्रज्ञाने लिबरेटर विमानांच्या नोंदी तपासल्या. ५० तासांची ठरलेली तपासणी झाली, की त्यानंतर लगेचच अनपेक्षित बिघाडांचं प्रमाण वाढलेलं दिसायचं आणि पुढे हळूहळू उतरायचं. म्हणजे हात लावल्यामुळेच काही गोष्टी बिघडत होत्या. ओव्हरहॉल म्हणजे तर सगळ्यात जास्त हात लावणं.

मी नाशिकचा, आणि आयुष्य विमानांच्या इंजिनांजवळच गेलं. आपल्याकडे घरी बांधलेली विमानं बोटावर मोजण्याइतकी. मुंबईत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधणारे कॅप्टन अमोल यादव यांना डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान खात्याची, नोंदणी मिळाली ती २०१७ मध्ये, तीही वर्षानुवर्षं चिकाटी धरल्यावर. नाशिकजवळच्या ओझरचा रनवे एचएएल या सरकारी विमान कंपनीचा, नाशिकच्याच गांधीनगरचा लष्कराचा. तिथे कुणी हौशी माणूस आपलं इंजिन तपासायला जाऊ शकत नाही. पण अमेरिकेत अशी विमानं बाळगणारी आपली मंडळी आहेत. माझा भाचा त्यातलाच. टेक्सासमध्ये त्याच्याकडे ग्लासएअर थ्री हे घरी बांधायचं वेगवान विमान आहे, ३०० हॉर्सपॉवरचं लायकमिंग आयओ-५४० इंजिन. त्याचे आणि त्याच्या मित्रांचे फोन येत असतात, त्यातून वारंवार दिसलेल्या चुका इथे लिहितोय.

‘सगळं टाइट आहे’ यावर विश्वास ठेवणं

पहिल्यांदा इंजिन चालवायच्या आधी भाच्याने व्हिडिओ कॉल लावला. काउलिंग (इंजिनावरचं झाकण) काढलेलं, हातात टॉर्च.

“मामा, सगळं टाइट आहे. मी स्वतः बघितलंय.”

“बघितलंस की पाना लावलास?”

मी त्याला कॅमेरा इंधन मोजून सोडणाऱ्या सर्व्होवरून वर, ते सिलिंडरांना वाटून देणाऱ्या फ्लो डिव्हायडरकडे जाणाऱ्या पाइपवर धरायला लावला. नटावर लाल रेघ नव्हती. त्याने पाना लावला तर नट पाव फेरा फिरला. पाइप नीट जागेवर यावा म्हणून हाताने आवळून ठेवला होता, तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि तो राहून गेला. तसाच उडाला असता तर गरम एक्झॉस्टच्या वर पेट्रोलचा फवारा.

ही लाल रेघ म्हणजे टॉर्क सीलचा रंग, नट ठरलेल्या जोराने (टॉर्कने) आवळल्याची खूण. शिस्त एवढीच, की ज्याने टॉर्क दिला त्यानेच, त्याच क्षणी रेघ मारायची. शेवटी फिरून सगळ्या नटांना रेघा ओढणाऱ्याला मी हँगरबाहेर काढीन. मधेच फोन आला, चहा आला, तर परत आल्यावर दोन-तीन पायऱ्या मागून सुरू करायचं. आणि शेवटची तपासणी दुसऱ्याने करायची. आपण केलेल्या कामात आपल्याला आपली चूक दिसत नाही. जे असायला हवं तेच डोळ्यांना दिसतं.

पाइपांइतकंच लक्ष थ्रॉटल आणि मिक्श्चरच्या (हवेत इंधन किती मिसळायचं ते ठरवणाऱ्या) केबलकडे. टोकाच्या रॉड एंडला (बेअरिंग असलेल्या जोडाला) मोठा वॉशर हवा, म्हणजे बेअरिंग निसटलं तरी केबल लटकत राहते, सुटून जात नाही. कॅसल नट (खाचांचा नट) असेल तिथे स्प्लिट पिन हवी. इंजिनाकडचा लिव्हर दोन्ही टोकांच्या स्टॉपला टेकतो की नाही हे समोर उभं राहून बघा, कॉकपिटमधून कळत नाही. इंधनाच्या फिटिंगवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिचा एक धागा नोझलमध्ये अडकला की तो सिलिंडर लीन होतो, म्हणजे त्याला इंधन कमी पडतं. इनटेकमध्ये कोंबलेली फडकी आणि पाइपांच्या तोंडांना लावलेली प्लास्टिकची टोपणं मोजून काढा. टोपणं किती लावली ते लिहून ठेवलेलं नसेल तर मोजणार कशाशी?

नाशिकच्या एमआयडीसीत, अंबडला किंवा सातपूरला, कुठलाही हायड्रॉलिक होज अर्ध्या तासात क्रिंप करून मिळतो, आणि तिथल्या कारागिरांच्या हाताबद्दल मला आदरच आहे. पण इंजिनाच्या बाजूचा होज विमानाच्याच दर्जाचा लागतो, वर फायर स्लीव्ह (आगीपासून वाचवणारं आवरण) चढवलेला. ओव्हरहॉलवर लाखो खर्च करून जुनेच रबरी होज परत लावणारे मी पाहिलेत. एमआयडीसीतून काही करून घ्यायचंच तर टॉर्क पान्याचं कॅलिब्रेशन करून घ्या, ते मात्र जरूर.

नव्या इंजिनाला जपून चालवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि ती चांगल्या हेतूने होते. आपण स्कूटर, मोटारी रनिंग-इन करत वाढलो. पहिले काही महिने हळू चालवायचं, हे डोक्यात पक्कं. विमानाच्या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ते चालत नाही.

सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे मुद्दाम घासून काढलेल्या, बारीक तिरक्या रेघा असतात. पिस्टनच्या रिंगांनी त्या रेघांची टोकं झिजवायची आणि भिंतीशी जुळायचं, तेव्हा रिंगा सेट झाल्या म्हणायच्या. पण रिंग भिंतीवर दाबली जाते ती सिलिंडरमधल्या ज्वलनाच्या दाबाने. पॉवर कमी ठेवली तर दाब कमी, रिंग ऑइलच्या थरावर नुसती तरंगते, आणि तो थर गरम भिंतीवर भाजून काचेसारखा गुळगुळीत होतो. याला ग्लेझिंग म्हणतात. एकदा ते झालं की रिंगा सेट व्हायच्या राहतात, इंजिन कायमचं ऑइल खातं, आणि सिलिंडर काढून परत होनिंग करण्याशिवाय इलाज नाही.

इंजिन बनवणाऱ्या लायकमिंग कंपनीचं सूचनापत्र, सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १४२७, याच कामासाठी आहे. साधारण क्रम असा: पहिला तास ७५ टक्के पॉवर, दुसऱ्या तासात ६५ आणि ७५ टक्के आलटून पालटून, आणि सगळे आकडे हद्दीत असतील तर त्यानंतर अर्धा तास पूर्ण परवानगीची पॉवर. टर्बो नसलेलं इंजिन आठ हजार फूट डेन्सिटी अल्टिट्यूडच्या (हवेच्या विरळपणावरून धरलेल्या उंचीच्या) वर न्यायचं नाही, कारण तिथे हवी तेवढी पॉवरच मिळत नाही. थ्रॉटल एकदम बंद करून खाली उतरायचं नाही. ऑइल सहसा साधं मिनरल, पहिले ५० तास किंवा ऑइलचा खप स्थिर होईपर्यंत. काही मॉडेलांना सुरुवातीपासून वेगळं ऑइल सांगितलेलं असतं, म्हणून आपल्या इंजिनाचा कागद बघा, मित्राच्या नाही.

याच कारणाने जमिनीवर उगाच इंजिन चालवत बसणं वाईट. “अजून एकदा रन-अप (उडण्याआधीची इंजिन तपासणी) घेतो, मग खात्री होईल” असं म्हणत लोक अर्धा अर्धा तास घालवतात. जमिनीवर काउलिंगमधून पुरेशी हवा जात नाही, पॉवर कमी, सिलिंडर मात्र तापलेले. ग्लेझिंगला याहून चांगली जागा नाही.

पहिल्या स्टार्टच्या आधी प्री-ऑइलिंग हवंच. खालचे स्पार्क प्लग काढा आणि स्टार्टरने थोड्या थोड्या वेळाने इंजिन फिरवा, गेजवर प्रेशर दिसेपर्यंत. स्टार्टरला मधे थंड होऊ द्या. मग खरा स्टार्ट, आणि ३० सेकंदांत ऑइल प्रेशर आलं नाही तर इंजिन बंद. इथे ‘जरा बघू’ नाही. प्रेशर आलं की हजार आरपीएमच्या आसपास गरम होऊ द्या, फुल पॉवरची तपासणी काही सेकंदांत आटपा, बंद करा, आणि काउलिंग काढून टॉर्च व पांढऱ्या फडक्याने गळती शोधा. काळ्या फडक्यावर काही दिसत नाही.

एकाच वेळी सगळं बदलणं

इंजिन बाहेर आहेच तर कॉकपिटमध्ये नवी स्क्रीन बसवू, मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावू, प्रोपेलरही बदलू. मोह समजतो. पण मग पहिल्या उड्डाणात ऑइलचं तापमान वाढलं तर इंजिन तापलं की नवा सेन्सर खोटं बोलतोय, हे हवेत कसं ठरवणार? शिवाय अमेरिकेत प्रायोगिक (घरी बांधलेली विमानं याच वर्गात येतात) विमानात मोठा बदल केला तर पुन्हा चाचणी टप्प्यात जावं लागतं, साधारणपणे किमान पाच तास.

इंधनाचा प्रवाह न मोजणं

इंजिनाला फुल पॉवरला ताशी १०० लिटर लागत असतील तर पंपाच्या यंत्रणेने १२५ लिटर द्यायला हवेत. नुसत्या उतारावर अवलंबून असलेल्या यंत्रणेने १५०. विमानाचं नाक चढणीच्या कोनात वर करून, टाकीत थोडंच इंधन ठेवून, इंजिनाकडचा पाइप सोडून बादलीत मोजा. घड्याळ आणि बादली, बाकी काही लागत नाही. ठिणगी आणि अर्थिंगची काळजी मात्र घ्या.

वैमानिकाला गंज चढलाय हे विसरणं

विमान चार-सहा महिने हँगरमध्ये, म्हणजे वैमानिकही. अमेरिकेतल्या अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांवर अहवाल काढला, त्यात २०११ मधले २२४ अपघात तपासले. इंजिन बंद पडणं आणि हवेत ताबा सुटणं ही त्यातली ठळक कारणं. दोन्ही गोष्टी बऱ्याचदा एकामागोमाग येतात. ग्लासएअर किंवा लँकएअरसारख्या विमानाचे पंख लहान, स्टॉल स्पीड (ज्या वेगाखाली पंख विमान उचलून धरत नाहीत) सेसना १७२ या साध्या शिकाऊ विमानापेक्षा बराच वर, आणि इंजिन बंद झाल्यावर ते झपाट्याने खाली येतं. अशा वेळी रनवेकडे मागे वळायचा मोह जीव घेतो. किती उंचीच्या खाली वळायचं नाही, हा आकडा जमिनीवरच ठरवायचा. ओव्हरहॉलला पाठवायच्या आधीच चार-पाच हजार फुटांवर थ्रॉटल मागे घ्या, चार सेकंद काहीच करू नका (खऱ्या प्रसंगी धक्क्यात तेवढी जातातच), मग वळून बघा किती उंची गेली. त्यात आणखी निम्मी मिळवा. त्याखाली असाल तर समोरच, थोडं डावी-उजवीकडे, जे मिळेल ते.

हेच उड्डाण आपल्याकडे करायचं झालं तर? ओझरभोवती निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडे द्राक्षबागा. वरून हिरवा गालिचा दिसतो, पण खाली लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. तिथे उतरण्यापेक्षा कांद्याचं मोकळं वावर केव्हाही बरं. हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला पाहुणे पक्षी असतात, तिकडची दिशा टाळायची. आणि मे महिन्याची दुपार तर नकोच. नाशिक दोन हजार फुटांच्या आसपास, त्यात ४० अंश तापमान धरलं तर डेन्सिटी अल्टिट्यूड साडेपाच हजारांच्या घरात जाते. नव्या घट्ट रिंगांचं इंजिन त्या हवेत टेकऑफलाच उकळेल.

पहिला तास रनवेच्या वर, ग्लाइड करून उतरता येईल इतक्या उंचीवर घिरट्या घालण्यात घालवा. सोबत कुणी नको. दुरुस्तीने विमानाच्या उडण्यात लक्षणीय फरक पडण्याची शक्यता असेल तर चाचणी उड्डाण करून नोंद होईपर्यंत प्रवासी नेऊ नयेत, असा एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमान खात्याचा, नियमच आहे (९१.४०७). पण बायको-मुलांना दाखवायला घेऊन जाण्याची घाई नियमापेक्षा मोठी ठरते, हेही पाहिलंय.

उडाल्यावर काही वेगळं दिसलं तर

सगळेच सिलिंडर गरम असतील तर घाबरू नका. घर्षण जास्त आहे. ४०० फॅरेनहाइटच्या (सुमारे २०४ सेल्सिअस) वर जाऊ लागले तर नाक खाली करा, वेग वाढवा, मिक्श्चर रिच (इंधन जास्त). काही तासांत तापमान उतरून स्थिर होतं, ती रिंगा सेट झाल्याची खूण. टेकऑफला फ्युएल फ्लो कमी दिसत असेल तर मात्र आधी तेच दुरुस्त करा.

एकच सिलिंडर गरम असेल तर बॅफल (हवा सिलिंडरांवर वळवणारे पत्रे) बघा. रबरी पट्टी वरच्या, जास्त दाबाच्या बाजूला वळलेली हवी. काउलिंग बसवताना ती मागे दुमडली की हवा सिलिंडरला न लागता निसटते. तिथेही काही सापडलं नाही तर नोझल साफ करा, मग इनटेकची गळती शोधा. ती गळती कमी पॉवरला जास्त जाणवते, फुल थ्रॉटलला लपते.

दोन मॅग्नेटोंपैकी एकेक बंद करून तपासताना लायकमिंगमध्ये आरपीएम १७५ पेक्षा जास्त पडू नयेत आणि दोघांतला फरक ५० च्या आत असावा. जास्त पडले तर बहुधा ऑइलने भिजलेला खालचा प्लग. पण अजिबात पडलेच नाहीत तर खूश होऊ नका. त्या मॅग्नेटोची पी-लीड (त्याला बंद करणारी वायर) अर्थ होत नाहीये, म्हणजे स्विच बंद असूनही तो जिवंत आहे, आणि हाताने प्रोपेलर फिरवणाऱ्याचा हात जाऊ शकतो.

प्रोपेलरचे आरपीएम वरखाली होत असतील तर गव्हर्नरमध्ये (ऑइलच्या दाबाने पात्यांचा कोन बदलणाऱ्या यंत्रात) हवा असू शकते. जमिनीवरच तीन-चार वेळा पिच (पात्यांचा कोन) फिरवून घ्या. पोटावर ऑइलचा ओघळ दिसला तर आधी गळती बघा, मग ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी). बरेचदा काठोकाठ भरलेलं जास्तीचं ऑइल इंजिन स्वतःच बाहेर टाकतं.

पहिलं ऑइल २५ तासांपर्यंत तरी बदला. मी त्याच्याही आधी काढायला सांगतो. फिल्टर कापा, कागद उलगडून उन्हात धरा, सक्शन स्क्रीनही (ऑइलची जाळी) काढून बघा. थोडी बारीक चमक या टप्प्यावर असतेच. चुंबक फिरवा. चिकटणारे कण दिसले तर फोटो काढून, तारीख व तास लिहून फिल्टरचा कागद पिशवीत ठेवा आणि दहा तासांनी पुन्हा कापा. कमी झाले असतील तर उडत राहा. वाढले असतील, किंवा नखाने उचलता येईल असा एखादा तुकडा सापडला, तर इंजिन ज्याने ओव्हरहॉल केलं त्याला फोन लावा, आणि तोवर विमानाची बॅटरी काढून ठेवा.